आखूड नाव

आमच्या दुकानाची लिंक इतकी लांब होती की ती घरात मावत नव्हती. तिचं तोंड तळमजल्यावर मुजावर भाभींच्या मोगऱ्याच्या कुंड्यांपाशी होतं. तिथून ती जिन्याने वर चढायची, आमचं दार कायमचं अर्धवट उघडं ठेवून आत शिरायची, सोफ्याला वळसा घालायची, स्वयंपाकघरात ओट्याखालून जायची आणि बाल्कनीत निघायची. दुकान बाल्कनीच्या पलीकडे होतं. आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिच्यापलीकडे काहीच नाही, पण लिंक धरून चालत राहिलं की दुकान लागायचं.

लिंकमध्ये ठिकठिकाणी तिरप्या रेघा होत्या. त्यांवर माझा नवरा सुहास टॉवेल वाळत घालायचा. प्रश्नचिन्ह एकच होतं, पण ते नेमकं मोरीच्या दारात, आणि त्याच्या आकड्यात माझा पदर अडकला नाही असा दिवस गेला नाही. जिन्यात तर सगळीकडे टक्क्याची खूण आणि वीस, टक्क्याची खूण आणि वीस. ते कशासाठी होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. आमची सहा वर्षांची मुलगी बकू त्यावरून लंगडी घालत खाली जायची. त्या लिंकवर घरात तीच एकटी खूश होती.

मी गोधड्या शिवते. लोक त्यांच्या आईची, आजीची जुनी लुगडी आणून देतात, मी त्यांची गोधडी करून देते. माणसं यायची, लिंक हाताला धरून जिना चढायला लागायची आणि मध्येच दम लागून पायरीवर बसायची. एक बाई आईचं लुगडं पोटाशी धरून दुसऱ्या मजल्यावरूनच परत गेली. मी वरून हाका मारल्या, पण तिने मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

"हेमा, आखूड करून आण ही," सुहास म्हणाला. "नाहीतर एक दिवस मी हिच्यात पाय अडकून मरेन."

लिंका आखूड करून देणारं कार्यालय मिरजेत स्टँडमागच्या गल्लीत आहे. तिथे सगळंच आखूड होतं. खुर्च्यांचे पाय वीतभर, छत माझ्या अंबाड्याला टेकणारं, आणि खिडकीतल्या बाईचं बोलणंही तसंच.

"तुमच्या नावाने की आमच्या?" तिने विचारलं.

"फरक काय?"

"आमच्या नावाने लगेच होईल. पण पुढे नुसती अक्षरं येतात. लोक घाबरतात."

ते खरं होतं. माझी आई अनोळखी लिंक आली की फोन पालथा घालते आणि त्यावर उशी ठेवते.

"तुमच्या नावाने करायचं तर नाव घ्या आणि ते आमच्याकडे वळवा. लोक तुमचं नाव बघून येतील, आम्ही त्यांना दुकानात पोचवू. नाव मात्र आखूड हवं, लक्षात राहणारं हवं आणि बघताक्षणी विश्वास बसणारं हवं."

"आखूडशिंगी, बहुदुधी," मी म्हणाले.

ती हसली नाही. तिने मागचं कपाट उघडलं. आत चिनी मातीच्या बरण्या होत्या आणि जवळजवळ सगळ्यांच्या तोंडाला दादरे बांधलेले होते. ज्या बरणीला दादरा बांधला होता, ते नाव गेलेलं होतं.

"हेमा?" मी विचारलं.

"गेलं. डेन्मार्कमध्ये कुणीतरी घेतलंय. वापरत नाहीत, नुसतं ठेवलंय."

मला राग आला. माझं नाव परमुलखात बरणीत पडून होतं आणि मी इथे छत डोक्याला लागतंय म्हणून वाकून उभी होते. सुहास गेलं होतं. गोधडी तर कधीच. आई, आजी, ऊब, मऊ, सगळी गेलेली. शेवटच्या फळीवर एका बरणीचं तोंड उघडं होतं.

"बकू आहे," बाई म्हणाली.

"ते आमच्या मुलीचं घरचं नाव."

"मग चांगलंच की. विश्वास बसतो."

आमच्या भागात मुलांच्या नावाने दुकान काढणं यात नवल काही नाही. आमच्याच रस्त्यावर सोनाली बेकरी आहे. तिची सोनाली लग्न होऊन बार्शीला गेली, तिचा संसार छान चाललाय, तिला काही झालेलं नाही. अमोल ऑटोचा अमोल बँकेत आहे. मी बरणी उचलली.

बाईने मला दोन चिठ्ठ्या दिल्या. "ही पहिली दारावर लावा. म्हणजे आम्हाला कळेल की नाव तुमचंच आहे. दुसरी नावाच्या कानात सांगा."

"नावाला कान कुठे असतो?"

"ते तुमच्याकडे जसं करतात तसं करा," ती म्हणाली. "आणि थांबा. पसरायला वेळ लागतो."

"काय पसरायला?"

"नाव."

पहिल्या चिठ्ठीवर कशाचाच अर्थ लागत नाही अशी अक्षरं होती. ती मी दारावर लिंबू-मिरचीशेजारी टांगली. दुसरीवर एकच ओळ होती. 'बकूला जो विचारील, त्याला दुकानात पोचवावं.'

नाव कानात सांगायचं म्हटल्यावर आमच्याकडे त्याला एकच माणूस. सुहासची थोरली बहीण, शालनवन्सं, विट्याहून एसटीने आल्या. बकूच्या बारशात मृण्मयी हे नाव तिच्या कानात त्यांनीच सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी "हे कुणाच्या जिभेला झेपायचं गं" म्हणून तिला बकू म्हणायला सुरुवातही त्यांनीच केली. मृण्मयी हे नाव शाळेच्या पटावर गेलं ते तिथेच राहिलं. घरात ते कुणी घेतलंच नाही.

मी वन्संना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि घराकडे नजर फिरवली.

"पाळणा कुठाय?"

"वन्सं, हे दुकानाचं नाव आहे."

"असूदे की. असं उभ्या उभ्या कुणी नाव ठेवतं होय? पाळणा बांधा. वरवंटा धुऊन आणा. घुगऱ्या शिजत घाला."

वन्संपुढे कुणाचं काही चालत नाही. सुहासने हुकाला पाळणा बांधला. मी वरवंट्याला आंघोळ घातली, काजळ लावलं, बकूचं जुनं टोपडं चढवलं. मुजावर भाभी आल्या, वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या. वरवंटा पाळण्याखालून आणि पाळण्यावरून या हातातून त्या हातात गेला आणि मग आत निजवला. बकूला हा खेळ इतका आवडला की तीही पाय बाहेर काढून वरवंट्याशेजारी आडवी झाली.

वन्सं चष्मा विट्यालाच विसरल्या होत्या. चिठ्ठीतली ओळ मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. त्या पाळण्यात वाकल्या आणि हाताने चाचपू लागल्या. वरवंट्याला कान नव्हता. जो कान हाताला लागला तो त्यांनी धरला, त्यात कुर्र केलं, बकू म्हणाल्या, आणि चिठ्ठीतली ओळ सांगितली. आम्ही सगळ्या जणींनी रीतीप्रमाणे वन्संच्या पाठीत धपाटे घातले. बकू गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती.

त्याच दुपारी लिंक आपली आपण गुंडाळली गेली. सुहासने ती माळ्यावर टाकली. जिना मोकळा झाला, मोरीचं दार मोकळं झालं आणि आमचं पुढचं दार लागलं. दार लावून जेवायला बसण्यात केवढं सुख असतं ते मी विसरूनच गेले होते. मी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं.

बकूने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून दार उघडलं. बाहेर एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते.

"या," बकू म्हणाली आणि तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

त्यांनी ते धरलं. ती त्यांना सोफ्याशेजारून, स्वयंपाकघरातून, आमच्या ताटांना वळसा घालून बाल्कनीत घेऊन गेली आणि पलीकडे दुकानात सोडून परत आली. हात न धुताच तिने घास उचलला.

"कोण होते गं?" सुहासने विचारलं.

"मला विचारत होते."

"काय विचारत होते?"

"मलाच."

"बघ," सुहास मला म्हणाला, "नावाचा गुण आहे."

नाव पसरायला लागलं. आधी आमच्या इमारतीत, मग पेठेत, मग जयसिंगपूर, कोल्हापूर, बेळगाव. बकू जेवणातून उठायची, अभ्यासातून उठायची, झोपेतून उठायची. दार उघडून बोट पुढे करायची. आलेली माणसं तिच्यामागून मुकाट्याने चालायची आणि दुकानात गोधड्यांना हात लावून बघायची. इतकं काम मला कधीच मिळालं नव्हतं. माझं मशीन दुकानात हलवलं होतं, आणि ते थांबतच नव्हतं.

एकदा मुजावर भाभींनी खालून हाक मारली, "बकू, शेवया केल्यात गं." बकू खाली गेली, भाभींना बोटाला धरून सगळा जिना चढवून वर घेऊन आली, आणि तिने त्यांना दुकानात नेऊन सोडलं. भाभी हातात वाटी धरून गोधड्यांच्या ढिगासमोर उभ्या होत्या.

"अगं हेमा, मी वाटी द्यायला हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "ही माझ्याकडे बघेना पण."

मी हसण्यावारी नेलं. मग आला रविवार. मी बकूला न्हायला घातलं होतं. ती माझ्यासमोर पाटावर बसली होती आणि तिचं डोकं साबणाने भरलं होतं.

"बकू, डोळे मीट," मी म्हणाले.

ती उठली आणि मोरीतून बाहेर गेली. लगेच दाराची बेल वाजली. मी तशीच ओल्या हातांनी दार उघडलं. बाहेर बकू उभी होती. केस कोरडे होते, दोन वेण्या घट्ट घातलेल्या, आणि तिने बोट पुढे केलेलं होतं.

"या," ती मला म्हणाली.

मी बोट धरलं. ती मला माझ्याच घरातून घेऊन चालली. मोरीच्या दारावरून आम्ही गेलो तेव्हा आतला पाट ओला होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

"बकू, अगं जेवलीस का तू?"

"एकेरी हवी की दुहेरी?" तिने विचारलं.

दुकानात पोचल्यावर तिने बोट सोडवून घेतलं. मी वळले तर ती नव्हती. बाल्कनीत नव्हती, घरात नव्हती. तेव्हा मला भीती वाटली, आणि ती भीती पुन्हा गेलीच नाही.

त्यानंतर बकू घरात राहिली नाही. कुणी विचारलं की ती दाराबाहेर असायची, पोचवून झालं की कुठेच नसायची. सुहासने सगळीकडे शोधलं. शाळेत विचारायला गेले तर तिच्या बाई म्हणाल्या की ती रोज येते. मृण्मयी म्हटलं की 'हजर' असा आवाज येतो, बाकावर मात्र कुणी नसतं. "आवाज अगदी स्वच्छ येतो," बाई म्हणाल्या. "तक्रार काही नाही."

आम्ही घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं. घेतलं की बेल वाजायची, आणि दारातली ती मुलगी आम्हाला ओळखायची नाही. सुहासने एकदा घेतलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात दुहेरी गोधडी होती आणि तो मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

मग घर आखडायला लागलं. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक दारापासून दुकानापर्यंतची वाट थोडी कमी व्हायची, आणि आमचं घर त्याच वाटेवर होतं. आधी सोफा भिंतीत गेला. मग हॉल सतरंजीएवढा झाला. स्वयंपाकघरात दोघांनी एकदम वळायची सोय राहिली नाही. मी पोळी लाटायची तेव्हा माझी कोपरं दोन्ही भिंतींना लागायची आणि पोळी लंबगोल व्हायची.

मी पुन्हा त्या कार्यालयात गेले. छत आणखी खाली आलं होतं. मी गुडघ्यांवर बसून खिडकीशी बोलले.

"नाव काढून घ्यायचंय."

"काढता येईल," बाई म्हणाली. "मग बकूला विचारणाऱ्याला काही मिळणार नाही."

"मला मिळेल ना?"

"तुम्हीसुद्धा विचारणाऱ्याच."

मला तिच्या खिडकीची काच फोडावीशी वाटली, पण काच नव्हतीच.

"आमचा हॉल गेला," मी म्हणाले. "वाट रोज आखूड होतेय."

"तीच तर आमची सेवा आहे."

"माझी मुलगी आहे हो ती."

बाईने पहिल्यांदाच हातातलं पेन खाली ठेवलं. "दुसरं नाव आहे का तिला?"

"आहे. मृण्मयी."

"लांब आहे," ती म्हणाली. "पण चालेल. ज्यांनी पहिलं सांगितलं त्यांनीच कानात सांगायला पाहिजे. ती वाटेवर असताना. दुकान लागायच्या आत पूर्ण नाव कानात गेलं तर मुलगी मोकळी होईल. लवकर करा, लग्नसराई आहे."

वन्सं त्याच दिवशी आल्या. या वेळी चष्मा होता. आमचं घर बघून त्या दारातच थबकल्या. पायातल्या चपला काढायला आत जागा नव्हती.

"हे सगळं माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"हाताला लागला तो कान धरलास," सुहास म्हणाला. "रडू नकोस ताई. आता पुन्हा धरायचाय."

मी नाव घेतलं. बेल वाजली. बकूने बोट पुढे केलं, मी ते धरलं आणि वन्सं तिच्या दुसऱ्या बाजूने चालू लागल्या. वन्संचे गुडघे दुखतात. "जरा दमानं घे गं पोरी," त्या म्हणत होत्या, पण बकूला पोचवायचं एवढंच माहीत होतं. ओट्यापाशी वन्संनी तिचा कान गाठला, वाकल्या, कुर्र केलं, आणि आम्ही तिघी दुकानात होतो. खरं तर दोघीच. वन्संचा हात कान धरल्यासारखा हवेत राहिला होता.

परत आलो तेव्हा ओटा गेला होता.

"हेमा, ती लांबडी लिंक कुठाय?" वन्संनी विचारलं. "ती पसरू. वाट लांब झाली की नाव पुरं होईल."

हे मला का सुचलं नव्हतं कुणास ठाऊक. माळा तोवर डब्याएवढा झाला होता. सुहासने आत हात घालून चाचपडत लिंक ओढून काढली. ती रुमालाएवढी झाली होती. वन्संनी ती झटकली, तर टक्क्याची एक खूण तेवढी जमिनीवर पडली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खुणेला हात लावून रडले.

मग कुणीतरी आमचं नाव एका लग्नाच्या ग्रुपवर टाकलं. ते सांगलीत, पुण्यात, कुठल्या कुठे गेलं. बेलचा आवाज तुटेना. घर उभ्या उभ्या आक्रसत गेलं. आम्ही भांडी जिन्यात आणून ठेवली, मग अंथरुणं, मग देव. सुहास भाभींच्या शेगडीवर भात लावायचा आणि आम्ही पायऱ्यांवर बसून जेवायचो. दार उघडलं की आत लगेच बाल्कनीचे गज दिसायचे, आणि गजांना लागून माझी पहिली गोधडी. सुहास मला म्हणाला, आपण आगीतून फुफाट्यात आलो. मी म्हटलं, फुफाट्यात निदान पाय ठेवायला जागा असते.

त्याच गर्दीत ती लुगडंवाली बाई आली. तीच, जी दुसऱ्या मजल्यावरून परत गेली होती. दुकानातून परत जाताना मी जिन्यात बसलेली पाहून ती थांबली.

"किती सोपं केलंत हो," ती म्हणाली. "नुसतं बकू म्हटलं की आलंच. गुणाची पोर आहे तुमची."

"तिने बोट दिलं?"

"दिलं की."

"गरम होतं का?"

तिने जरा आठवून बघितलं. "गार होतं. पण घट्ट धरते हो. माझ्या आईचं लुगडं आहे, गोधडी नीट होऊ दे म्हणाले, तर मान हलवली तिनं."

ती गोधडी मी शिवणार नाही असं मला ओरडून सांगायचं होतं. पण तिने लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं होतं, आणि ते फार मऊ होतं. मी ते घडी करून देवांशेजारी ठेवलं.

वाट उंबऱ्याएवढी उरली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आता वाट बघण्यात अर्थ नाही. मी आधीच बसते." त्यांनी उंबऱ्यापाशी पाट मांडला आणि त्यावर बसल्या, तोंड बरोबर बकूच्या कानाच्या उंचीवर येईल अशा. बकू केवढी आहे ते आम्ही मुजावर भाभींच्या चौकटीवरच्या खुणांवरून बघून घेतलं होतं. त्यांच्या नातवंडांबरोबर भाभींनी तिचीही उंची दर ईदला तिथे लिहिली होती.

"मधे थांबू नका वन्सं. कुर्र केलं की लगेच नाव," मी म्हणाले.

"येतं मला. कितीदा केलंय."

"आणि धपाटे?" सुहासने विचारलं.

"ते तर घालायलाच पाहिजेत. त्याशिवाय नाव लागतं होय?"

सुहास वन्संच्या मागच्या पायरीवर हात उगारून उभा राहिला. भाभी खालच्या पायरीवर होत्या, त्यांनीही हात वर केला. मी दारासमोर उभी राहिले. आत्ता सांगलीत कुणी विचारायला नको, पुण्यात कुणी विचारायला नको, असं मनात म्हणत मी पदर खोचला.

"बकू," मी म्हणाले.

बेल वाजली नाही. बेल जाऊन आता चार दिवस झाले होते. दार बोटभर उघडलं आणि त्यातून बोट बाहेर आलं. उजव्या हाताचं, नखावर दुकानाच्या बारशाच्या दिवशी मीच लावलेलं लाल नेलपॉलिश, अर्धं उडालेलं. मी ते धरलं. त्यामागे हात आला नाही, कान आला नाही, वेणी आली नाही. वाट बोटापुरतीच उरली होती.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग त्या पाटावरून पुढे सरकल्या, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि बोटाच्या टोकाशी तोंड नेलं. त्यांनी कुर्र केलं. माझ्या मुठीत बोट थरथरलं, पाळण्यात गुदगुल्या झाल्या होत्या तसंच.

लांब कुठेतरी, बेळगावला असेल किंवा त्याच्याही पलीकडे, कुणीतरी तिला विचारलं. बोट आतल्या बाजूला ओढलं जाऊ लागलं. मी दुसराही हात लावला, पाय चौकटीला लावले. सुहासचा हात वन्संच्या पाठीवर उगारलेला तसाच होता.

वन्सं अजून पहिल्याच अक्षरावर होत्या.